चिवड्यातलं डाळं

अण्णांनी चिवड्याचा दुसरा घास घेतला आणि त्यांचा जबडा जागच्या जागी थांबला. सावकाश उठले, बेसिनपाशी गेले, थुंकले. चूळ भरली. परत भरली. तिसऱ्या चुळेनंतर टॉवेलला तोंड पुसत म्हणाले, "डाळं कुठून आणलंस ग? पार कडू जहर निघालं."

डाळं चांगलं होतं. हे डाळं नव्हतंच.

२०२२ ची गोष्ट. लक्ष्मीपूजन सोमवारी, २४ ऑक्टोबरला होतं आणि आदल्या शनिवारी मी आणि आईनं फराळाला हात घातला होता. आम्ही राहतो अमेरिकेतल्या आयोवात, एम्स या शहरापासून पंधरा मिनिटांवर, गावाच्या अगदी शेवटच्या रांगेत. रस्ता ओलांडला की शेत. एक वर्ष मका, एक वर्ष सोयाबीन. त्या वर्षी सोयाबीन होतं आणि नुकतंच निघालं होतं. आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागला होता, आणि शनिवारी अचानक अर्ध्या बाह्यांत फिरावं असं ऊन. दक्षिणेच्या खिडकीखाली ओट्यावर मोठ्या परातीत चिवडा निवत ठेवला होता. हळदीच्या फोडणीत न्हालेलं डाळं आणि पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतलेला, बिनठिपक्यांचा, फिकट नारिंगी ढालकिडा शेजारी शेजारी ठेवून बघा. मी नंतर खरंच ठेवून बघितले. चष्मा काढल्यावर मलाही सांगता येईना.

ढालकिडा म्हणजे लेडीबग. पोरांच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतो तोच, लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा. आणि खरं सांगायचं तर ही शिक्षा व्हायची तर कुणालाही व्हायला हवी होती, अण्णांना नाही. कारण या घरात ढालकिड्यांचं वकीलपत्र त्यांनीच घेतलेलं होतं.

अण्णा एकतीस वर्षं कृषी सहायक होते, औसा आणि निलंगा तालुक्यांत. करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला की शेतकरी पाठीला पंप लावून निघायचे आणि अण्णा त्यांना बांधावर अडवायचे. आधी झाड हलवून बघ, ढालकिडे किती आहेत ते मोज, मग फवारायचं बोल. आमच्या घरी कालनिर्णयाशेजारी मित्रकीटकांचा तक्ता टांगलेला असायचा. सात ठिपक्यांचा लाल कुठला, सहा ठिपक्यांचा नागमोडी रेघांचा कुठला, हे मला बाराखडीबरोबरच पाठ झालं. त्यांची अळी सुसरीच्या पिल्लासारखी खरबरीत, काळपट दिसते. लोक तीच कीड समजून चिरडतात, याचं अण्णांना फार वाईट वाटायचं. "राखणदारालाच चोर समजून हाणायलेत," म्हणायचे.

असा माणूस सप्टेंबरात आमच्याकडं आला. आणि ऑक्टोबरात एका दुपारी त्यानं आपल्या लेकीला बघितलं ते असं: जिन्यात उभी, हातात व्हॅक्यूमची नळी, आणि छताच्या कोपऱ्यातला शे-दीडशे ढालकिड्यांचा पुंजका सरासर ओढून घेतेय.

"काय करायलीस?"

"व्हॅक्यूम."

"ते दिसायलंय मला. त्यात ओढायलीस काय? अग, मित्रकीटक आहे तो!"

मी म्हटलं, अण्णा, हा तुमच्या तक्त्यातला नाही. एक पकडून वाटीखाली ठेवला आणि दाखवला. डोक्यामागच्या पांढऱ्या पट्टीवर काळा एम असतो, इंग्रजीतला. समोरून बघितलं तर डब्ल्यू. ठिपक्यांचा भरवसा नाही, कुणाला एकही नसतो, कुणाला एकोणीस. रंगही पिवळट नारिंगीपासून लालभडक कुठलाही. नाव हार्मोनिया ॲक्सिरिडिस. इथले लोक एशियन लेडी बीटल म्हणतात आणि 'एशियन' म्हणताना आमच्याकडं बघून जरा अवघडतात, त्याची मजा वेगळीच.

मूळचा हा चीन, जपान, कोरिया, सायबेरियाकडचा. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तो मुद्दाम आणला. १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सोडला, पुढं कितीतरी राज्यांत, कितीतरी वेळा. दरवेळी वाटायचं गेला, टिकला नाही. मग १९८८ मध्ये लुइझियानात त्याचं बस्तान बसलेलं सापडलं आणि दहा-बारा वर्षांत त्यानं अर्धी अमेरिका व्यापली. २००० च्या उन्हाळ्यात या भागात सोयाबीनवरचा मावा पहिल्यांदा दिसला, तोही आशियातूनच आलेला. म्हणजे बघा, पीक चीनचं, पिकावरचा मावा तिकडचा आणि मावा खाणारा ढालकिडाही तिकडचा. सगळा गोतावळा आयोवात येऊन भेटला. शेतात हा किडा आजही सोन्यासारखं काम करतो, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या रेट्यात इथले मूळचे ढालकिडे मागे पडले, आणि शेत मोकळं झालं की हा थेट माझ्या घरी येतो.

"आपण नाही का आणला?" अण्णा हार मानायला तयार नव्हते. "द्राक्षावर पिठ्या ढेकणाला क्रिप्टोलेमस ढालकिडा सोडतात ना? तो ऑस्ट्रेलियातला. १८९८ ला आणलाय इंग्रजांनी, कॉफीसाठी. त्यानं कुणाच्या घरात ठाण मांडलंय का?"

नाही मांडलं. कारण आपल्याकडं चार महिने बर्फाखाली काढायचे नसतात.

खरी मेख इथंच आहे. या किड्याला हिवाळा कुठंतरी सुरक्षित काढावा लागतो. त्याच्या मूळ मुलखात तो डोंगरांच्या फिकट कड्यांकडं उडतो आणि खडकांच्या कपारीत हजारोंनी गोळा होऊन झोपतो. आयोवात डोंगर नाहीत. आमच्या परिसरात सगळ्यात उंच काय तर धान्याचे सायलो आणि पाण्याची टाकी. त्या सपाटीवर आमचं दुमजली, फिक्कट बदामी साईडिंगचं घर, पूर्ण दक्षिण आणि पश्चिम भिंत उन्हात. त्यांच्या लेखी हा कडाच. घर घेताना एजंटबाईनं "काय सुंदर ऊन येतं बघा" असं तीनदा सांगितलं होतं. ऊन आवडणारे आणखी कोण आहेत हे तिनं सांगितलं नाही, आणि २०२० च्या उन्हाळ्यात मला तरी कुठं विचारायचं सुचलं!

वेळ अगदी ठरलेली असते. काढणीचं कंबाईन यंत्र शेतातून निघून गेलेलं असतं. एक-दोन रात्री गोठवणाऱ्या जातात. मग जो पहिला उबदार दिवस उजाडतो, साधारण १८ अंश सेल्सियसच्या वरचा, वारा मंद असलेला, त्या दुपारी ते येतात. आधी भिंतीवर दोन-चार. चहा होईपर्यंत भिंत हलतेय असं वाटतं. केसात, कॉलरमध्ये, कपड्यांच्या घडीत. चावतातही, म्हणजे त्वचेला चिमटा काढल्यासारखं. विष वगैरे काही नाही, पण मानेवर अनपेक्षित बसला की माणूस उडी मारतोच. त्या शनिवारी अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि कौतुकानं म्हणत होते, "काय संख्या आहे! एवढे मी आयुष्यात एका जागी बघितले नाहीत." तासाभरानं आत येऊन त्यांनी चिवडा मागितला.

चव कशी होती, हे मी त्यांना नंतर खोदून खोदून विचारलं. आधी कच्च्या शेंगदाण्याच्या फोलपटासारखी, म्हणाले, आणि मग अशी कडू की जीभ आखडते. त्याचं कारण आहे. ढालकिडा घाबरला की पायांच्या सांध्यांतून पिवळं रक्त सोडतो. त्याच्या वासातली रसायनं ढोबळ्या मिरचीच्या कच्च्या वासाच्या कुळातली आहेत आणि मूठभर किड्यांनी खोली दरवळते. ग्रेट लेक्सच्या भागात हे किडे द्राक्षांच्या घडांबरोबर चुकून चिरडले जातात आणि वाईन वाया जाते. शिवाय एका कुत्र्याच्या टाळूला सोळा ढालकिडे चिकटून बसल्याची नोंद २००८ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात छापली गेली आहे. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझं एकावर निभावलं म्हणायचं."

त्या दिवसापासून व्हॅक्यूमला त्यांचा विरोध मावळला. 'मित्रकीटक' मात्र ते अजूनही म्हणतात. मित्र आहे, पण जेवायला बोलवू नये.

आता मी केलेले मूर्खपणे सांगते, कारण दर ऑक्टोबरात इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच प्रश्न येतो आणि तीच उत्तरं येतात.

पहिल्या वर्षी मी झाडू घेतला. झाडू लागला की प्रत्येक किडा रक्त सोडतो. पांढऱ्या भिंतीवर पिवळ्या रेघांची रांगोळी झाली. भिंत रंगवावी लागली, पडदे गेले.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०२१ च्या नोव्हेंबरात, एका कंपनीचा माणूस बोलावला. त्यानं घराच्या आत कडेकडेनं औषध मारलं, तीनशेच्या वर डॉलर घेतले आणि "आता बघा" म्हणाला. बघितलं. तोवर किडे भिंतीच्या पोकळीत आणि छपराखालच्या अ‍ॅटिकमध्ये शिरून झोपले होते, तिथं ते औषध पोचतच नाही. आणि समजा पोचलं तरी भिंतीआड मेलेल्या किड्यांच्या ढिगावर दुसरे किडे पोसतात, जे पुढं लोकरीचे कपडे आणि गालिचे खातात. फवारायचंच असेल तर बाहेरून, दक्षिण-पश्चिम भिंतीला, खिडक्यांच्या कडांना, आणि ते यायच्या आधी, सप्टेंबर संपताना. नोव्हेंबरात फवारणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की आईनं आतून विचारलं काय झालं. आयुष्यभर ते लोकांना हेच सांगत होते, औषधापेक्षा वेळ महत्त्वाची, आणि स्वतःच्या पोरीनं तीनशे डॉलर मोजून तेच शिकून घेतलं.

ग्रुपवर कापराचा उपाय दरवर्षी कुणीतरी सुचवतं. हसू नका, त्यात तथ्य आहे. इथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत कापूर आणि मेंथॉल वापरून बघितलं होतं आणि या किड्यांना ते सहन होत नाही असंच दिसलं होतं. पण प्रयोगशाळेतली बंद डबी वेगळी आणि आयोवाच्या वाऱ्यात उभी असलेली तीस फुटी भिंत वेगळी. आईनं भीमसेनी कापराच्या पुरचुंड्या करून खिडक्यांत ठेवल्या. दोन दिवस घराला देवळाचा वास आला. तिसऱ्या दिवशी पुरचुंडीत कापूर नव्हता, एक ढालकिडा होता.

घरात शिरलेल्यांसाठी उपाय एकच, मोजा. पायात घालायचा, पातळ, गुडघ्यापर्यंतचा नायलॉनचा मोजा. व्हॅक्यूमच्या लांब नळीच्या तोंडातून तो आत सोडायचा, त्याची कड नळीवर बाहेरून उलटवायची आणि जाड रबरबँडनं घट्ट बसवायची. मग नळी किड्यांपासून बोटभर अंतरावर धरायची, टेकवायची नाही. टक्, टक्, टक् असा आवाज येतो, मक्याच्या लाह्या फुटताना शेवटी शेवटी येतो तसा. मोजा आतल्या आत लोंबत भरत जातो. मशीन बंद करण्याआधी मोज्याचं तोंड चिमटीत आवळायचं, नाहीतर सगळे परत बाहेर. हे मी एकदाच विसरले. ओढून काढला की हातात एक वळवळती नारिंगी पोटली येते, आणि ती साबणाच्या पाण्याच्या बादलीत. साध्या पाण्यावर ते तरंगतात आणि काठाला लागून चढतात. भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकले की बुडतात. मोज्याशिवाय ओढलेत तर पिशवीत ते रक्त सोडतात आणि पुढं महिनाभर व्हॅक्यूम लावला की घरभर कच्च्या ढोबळ्या मिरचीचा वास. जिथं पुंजका बसला होता ती जागा साबणानं पुसून घ्यायची. मागे राहिलेल्या खुणांवरून नवे त्याच कोपऱ्यात येतात.

बादलीचं काम अण्णांनी कधीच केलं नाही. मोजा लावून द्यायचे, नळी धरायचे, पण बादली आणली की बाहेर चक्कर मारायला निघायचे.

एक प्रयोग मात्र त्यांनी गुपचूप केला. डिसेंबरात माझ्या खिडकीतल्या मिरचीच्या रोपावर मावा पडला होता. अण्णांनी काडेपेटीत आठ ढालकिडे धरले आणि एकेक करून त्या रोपावर सोडले. मग खुर्ची ओढून बसले. माझी लेक, तेव्हा सात वर्षांची, मांडीवर. दोघं कितीतरी वेळ बघत होते. आठही किडे माव्याच्या अंगावरून चालत शेंड्याला गेले, शेंड्यावरून काचेवर उतरले आणि उजेडाकडं तोंड करून बसले. एकानंही माव्याला तोंड लावलं नाही.

"आजोबा, त्यांना भूक नाही का?"

"झोपेतला माणूस आहे तो, बाळा. झोपेतल्याला पान वाढून काय उपयोग?"

हे अगदी खरं आहे. हिवाळ्यात ते खात नाहीत, अंडी घालत नाहीत, लाकूड-कपडा कशालाच हात लावत नाहीत. झोपायलाच आलेले असतात. आपल्या हीटरमुळे त्यांची झोपमोड होते. बाहेर उणे वीस, पण ऊन स्वच्छ, भिंत तापलेली. त्यांना वाटतं वसंत आला. मग दिव्याच्या खाचेतून, खिडकीच्या चौकटीतून एकेक बाहेर येतो, काचेवर दिवसभर फिरतो आणि कोरड्या हवेनं सुकून चौकटीत पडतो. जानेवारी-फेब्रुवारीत खिडकीच्या खाचेत जे नारिंगी टरफलांसारखं साठतं ते हेच.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्यातल्याच एका उन्हाच्या शनिवारी निघालं. बारा बायका, सगळ्या काळ्या साड्यांत, एकटी आई तिच्या मोतिया रंगाच्या इरकलीत. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि एकीनं आईच्या पदराकडं बोट दाखवलं. "काकू, हळद सांडली वाटतं." खांद्यापाशी दोन पिवळेधमक ठिपके. आईनं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "हो ग, घाईत सांडली." पाहुण्या गेल्यावर पदर झटकला तर घडीतून तो बाहेर आला. साडी दोनदा धुतली. ठिपके फिके झाले, गेले नाहीत.

अण्णा-आई मार्चमध्ये परत गेले आणि खरं काम मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये केलं, एकही किडा दिसत नसताना. त्याआधी तीन वर्षं मी ऑक्टोबरात जागी होत होते, आणि ऑक्टोबरात करण्यासारखं फारसं काही उरत नाही. तीन मिलिमीटरची फट त्यांना पुरते. नवरा शिडीवर, मी खाली टॉर्च घेऊन, आणि अण्णा लातूरहून व्हिडिओ कॉलवर. तिकडं रात्रीचे नऊ, पण उत्साह सकाळचा. "ते वर बघ, एसीची नळी आत जाते तिथं. हां. आता डावीकडं, वायरीपाशी." नळी, केबल, बाहेरचे दिवे यांच्या भोवती फटी बुजवायचं कॉक भरलं. अ‍ॅटिकच्या व्हेंटना आतून बारीक जाळी ठोकली. दाराखाली रबरी पट्टी, गॅरेजच्या दाराच्या दोन्ही कोपऱ्यांना नवं रबर. खिडकीच्या चौकटीला खाली पाणी जायला बारीक भोकं असतात, तीही बुजवायला नवरा निघाला होता. ती बुजवायची नाहीत, नाहीतर पाणी आत मुरतं. दोन शनिवार-रविवार आणि कॉकच्या अकरा नळ्या गेल्या. कंपनीच्या माणसानं घेतले त्याच्या निम्म्या पैशांत झालं.

यायचे थांबले का? नाही. त्या ऑक्टोबरातही भिंत हलली. पण जिन्याच्या कोपऱ्यात दीडशेचा पुंजका असायचा तिथं वीस-पंचवीस. मोजा एकदाच भरला, तोही अर्धा. समोर मका होता म्हणून कमी, असं नवरा म्हणतो. असेलही. तीन मैलांवर सोयाबीन होतंच आणि ते उडून येतात.

यंदा समोर पुन्हा सोयाबीन आहे, म्हणजे काय ते कळेल. तिकडं लातुरातही हेच दिवस. अण्णांचा फोन आला की आधी सोयाबीनचं. त्यांच्याकडं काढणी होऊन बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाचा ढीग, लागलेली असते आणि पावसाची धास्ती असते, माझ्याकडं एकटा माणूस काचेच्या केबिनमध्ये बसून दुपारभरात शेत रिकामं करतो. भाव किती, उतारा किती, ओल किती, हे सगळं होतं. मग लेकीची चौकशी, मग माझी.

परवा रविवारी समोर हार्वेस्टर उतरला. धुळीचा लोट दिवाणखान्याच्या काचेपर्यंत आला. मी फोटो काढून अण्णांना पाठवला. तिकडं मध्यरात्र उलटून गेली होती, तरी दोन मिनिटांत उत्तर आलं.

"चिवड्याला झाकण घालत जा."